पाहुणा की कामकरी?

गेल्या पावसाळ्यात आम्हांस हैदराबादेस जाण्याचा योग आला. निमित्त तीर्थयात्रेचे नव्हते व सहलीचेही नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या मुलास आखाती देशात नोकरी लावून देतो, असे एका दलालाने सांगितले होते व कागदपत्रे घेऊन हैदराबादेस बोलाविले होते. मुलगा नववीपर्यंत शिकलेला, गवंडीकामात हुशार. दलालाच्या पदरात ४० हजार रुपये आधीच पडले होते. उरलेल्या दीड लाखासाठी विहिरीजवळचा एकरभर तुकडा गहाण टाकावा, असे घरात घाटत होते. रविवारच्या मिस्सानंतर मुलाचा बाप आमच्याकडे आला व म्हणाला, "फादर, त्या कागदांतलं आम्हाला काय कळतंय? तुम्ही पोराबरोबर जाऊन या."

मनमाडहून रात्रीच्या अजिंठा एक्स्प्रेसने आम्ही दोघे निघालो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही सारी गावे रात्री मागे पडली. हा मराठी मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आजही त्या शहरात मराठी बोलणारी जुनी घराणी भेटतात.

पहाटे निजामाबादेस एक तेलुगू गृहस्थ डब्यात चढले. त्यांनी बारा वर्षे आखातात काढली होती. त्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या करीमनगर व जगित्याल भागांतून फार मोठ्या संख्येने माणसे तिकडे मजुरीस जातात. आमच्या मुलाचे बेत ऐकून त्यांनी हिंदीत एकच प्रश्न केला, "व्हिसा कशाचा आहे, कामाचा की भेटीचा?" मुलगा गोंधळला. आम्हांसही उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मात्र दिवसभर आमच्या कानांत राहिला.

हैदराबादेस परदेशाची ओढ नवी नाही. एके काळी वाट उलट्या दिशेने वाहत होती. शहराच्या दक्षिणेस बारकस नावाची वस्ती आहे. 'बराक' या शब्दावरून ते नाव पडले. येमेनमधील हद्रमौतचे अरब निजामाच्या फौजेत चाकरीसाठी आले व त्यांची कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. तेव्हा अरबस्तानचा गरीब माणूस भाकरीसाठी दख्खनमध्ये येत होता. आज दख्खनचा गरीब माणूस भाकरीसाठी अरबस्तानात जातो. कोण यजमान व कोण परका, हे काळ ठरवितो. म्हणून परक्यास तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणत्याच देशास नाही.

दलालाने भेटीची जागा सांगितली होती ती शहराच्या पश्चिमेस, नानकरामगुड्याच्या बाजूस. तेथेच अमेरिकेच्या वकिलातीची भव्य नवी इमारत आहे. २००८ साली ही वकिलात पैगा पॅलेसमध्ये सुरू झाली व मार्च २०२३ मध्ये येथे आली. बाहेर छातीशी कागदांच्या फायली धरून तरुण मुलेमुली उभी होती; रस्त्यापलीकडे त्यांचे आईबाप ताटकळत होते. ही शिकल्यासवरलेल्यांची रांग. तीही सोपी नव्हे. अमेरिकेत कुशल नोकरदारांसाठी जो 'एच-१बी' व्हिसा असतो, त्याची वार्षिक मर्यादा सर्वसाधारण ८५ हजारांची, आणि ती साऱ्या जगासाठी. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावण्याचे फर्मान तेथील राष्ट्राध्यक्षांनी काढले. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांतही कोणत्याही एका देशास साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. म्हणून आपल्या लोकांस वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

आमच्या टॅक्सीवाल्याने सांगितले की, यांपैकी पुष्कळजण शहराबाहेर चिलकूरच्या बालाजीस जातात. त्यास लोक 'व्हिसा बालाजी'च म्हणतात. नवस करताना अकरा प्रदक्षिणा व फळल्यावर एकशे आठ. देवळात दानपेटी मात्र नाही. आम्हांस हसू आले नाही. लेकराच्या वाटेची काळजी साऱ्या धर्मांच्या आईबापांस सारखीच असते.

दलालाच्या खोलीत आम्ही तोच पहाटेचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "व्हिसा भेटीचाच आहे; तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ. विमानतळावर विचारले तर मामाकडे फिरायला चाललो म्हणून सांगायचे." मुलगा आमच्याकडे पाहू लागला. त्यास तेथे मामा नव्हता. नोकरीची पहिली पायरीच खोट्या साक्षीची होती. आम्ही पासपोर्ट परत मागितला. पुष्कळ वादानंतर तो मिळाला; चाळीस हजार मिळाले नाहीत.

तेथून आम्ही परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षक अधिकाऱ्याच्या सरकारी कचेरीत गेलो. तेथे कळलेली माहिती आमच्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावी अशी आहे. १९८३ च्या कायद्यानुसार परवाना असलेल्या एजंटानेच परदेशासाठी कामगारभरती करावयाची असते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर सामान्यतः 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा व्यक्तीस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. तीस वर्षांखालील स्त्रीस अशा पासपोर्टावर तेथे कामासाठी ही मंजुरी मिळत नाही. एजंटाने आपल्या सेवेबद्दल घ्यावयाची कमाल रक्कम ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढीच. तिची पावती मागून घ्यावी. एजंट नोंदलेला आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आमच्या दलालाचे नाव तेथे नव्हते. रीतसर जाणाऱ्याचा विमाही उतरविला जातो. दोन वर्षांस २७५ रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे साहाय्य मिळते.

वाचकहो, कायद्याचा हा विलंब आपणांस जाच वाटतो. पण ते शेताचे कुंपण आहे. कामकरी म्हणून गेलेल्याच्या हाती करारपत्र असते. पगार थकला, मालकाने छळले, तर दाद मागण्यास आधार असतो. पाहुणा म्हणून गेलेल्यास मजुरी करण्याचा हक्कच नसतो. त्याचा घाम खरा असतो, पण कागद खोटा; आणि मालक त्याच खोट्या कागदाची भीती घालून त्याचे तोंड बंद करतो.

संध्याकाळी गनफौंड्री येथील संत जोसेफ कॅथीड्रलमध्ये आम्ही प्रार्थनेस बसलो. संत योसेफ स्वतः परदेशी गेलेला कामकरी होता. हेरोदाच्या भयाने त्याने बाळ येशूस व पवित्र मरियेस घेऊन रातोरात मिसर गाठले. परमगुरू बाराव्या पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी आपले प्रसिद्ध पत्र काढले, तेव्हा याच निर्वासित पवित्र कुटुंबास त्यांनी साऱ्या परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हटले. परक्याचा स्वीकार करणे हा देशांचा धर्म आहे व तेथे सत्याने जाणे हा आपला. राज्यकर्ते पहिला धर्म विसरले तर त्यांस त्याचा जाब द्यावा लागेल. आपण मात्र दुसरा विसरू नये.

मुलगा बराच वेळ गुडघ्यांवर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "फादर, बाबांना काय सांगू?" आम्ही म्हटले, "चाळीस हजार गेले, जमीन राहिली, असे सांग. आणि तू राहिलास, असेही सांग."

आता तो गावातच गवंडीकाम करतो. दहावीस बाहेरून बसण्यासाठी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. परदेशी जाण्याची इच्छा त्याने सोडलेली नाही व आम्हीही ती सोड म्हटलेले नाही. तो जाईल तेव्हा आपल्या खऱ्या नावाने व खऱ्या कामाने जावा, एवढेच आमचे मागणे आहे. ज्या घरांतून कोणी दूर देशी कष्टत असेल, त्यांनी आज रात्रीच्या रोझरीत त्याचे नाव घ्यावे. आणि ज्या घरात असा बेत चालू असेल, त्यांनी जमीन गहाण टाकण्यापूर्वी तो एक प्रश्न अवश्य विचारावा.