हळूच नावाने हाक

मननासाठी : मार्क १०:१३-१६



गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातून एक चार वर्षांची मुलगी यायची बंद झाली. मिस्सानंतर तिच्या आईला विचारले. आधी ती म्हणाली, "सर्दी झालीय." पुढच्या रविवारी पुन्हा विचारले, तेव्हा तिने खरे सांगितले. "तुमच्याकडं यायला भितीय ती. सारखं गप्प बस, गप्प बस म्हणताय न्हवं. अंगणवाडीला मात्र पळत जातीय बघा."

आम्हाला उत्तर सुचले नाही, कारण ती खरे बोलत होती. आमच्या वर्गात लहानमोठी मुले एकाच बाकावर. लहानग्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. पाऊण तास प्रार्थना पाठ करून घ्यायच्या. गुंजीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्यावर तो कोसळायला लागला की आमचा आवाज चढायचा, मुलांचाही चढायचा आणि मग आमचा आणखी चढायचा. त्या गोंधळात आम्ही प्रभूच्या प्रेमाचा धडा शिकवत होतो!

त्या आईचे बोलणे मनाला लागले. म्हणून आम्ही एका सकाळी परवानगी घेऊन जवळच्या एका अंगणवाडीत जाऊन बसलो. मूल तिकडे पळत का जाते, एवढेच पाहायचे होते.

पाहिले ते अगदी साधे होते. मूल आले की चपला एका ठरलेल्या जागी ठेवते. हात धुते. चटईवर आपल्या जागी बसते. सगळी जमली की हात जोडून प्रार्थना, मग हातवारे करत एक गाणे. गाण्यानंतर गोष्ट, पण पाच-सात मिनिटांचीच. गोष्ट संपली की उठायचे, उड्या मारायच्या, बेडकासारखे चालायचे. मग पुन्हा बसून हाताचे काम : चिंचोके आणि काजूच्या बिया वेगळ्या करणे, लाल मातीचे गोळे वळणे. जेवणाआधी पुन्हा हात धुणे. दोन मुलांकडे ताटे वाटायचे काम. जितकी मुले तितकी ताटे! एक ताट कमी पडले तेव्हा वाटणाऱ्याने सगळ्यांवर बोट ठेवून पुन्हा मोजले आणि आत जाऊन आणखी एक आणले. कोणी त्याला गणित शिकवतो आहे असे वाटलेही नाही. मग सांबार-भात आणि थोडी झोप.

आम्ही टीचरबाईंना विचारले, "रोज हेच?" त्या हसून म्हणाल्या, "रोज हेच. एक दिवस मी गाणं विसरले तर पोरंच आठवण करून देतात."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या या सीमाभागात एका चटईवर तीन भाषा बसतात. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी कन्नड. नवे मूल आले की पहिले काही दिवस त्याला बोललेले कळत नाही. पण हात धुतल्यावर ताट येते, गाण्यानंतर गोष्ट येते, झोपून उठल्यावर आई येते, हे त्याला आधी कळते. शब्द कळण्याआधी क्रम कळतो. पुढे काय होणार हे माहीत असले की भीती जाते, आणि भीती गेली की मूल डोळे उघडून बघू लागते, विचारू लागते. रोजचा क्रम म्हणजे कंटाळा, असे आम्हाला वाटत होते. लहान मुलाला मात्र तो अंधारातल्या कठड्यासारखा असतो. हात धरायला काहीतरी आहे, म्हणून पाऊल पुढे पडते.

अंगणवाडी या शब्दामागे आपल्या मराठी मातीतली एक सुंदर हकिकत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे आणि मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया. पुढे १९५७ च्या सुमारास डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गावोगावी पोहोचली.

ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून ती आपल्या खेड्यांना साजेशी केली, त्या मारिया माँटेसरी कॅथलिक होत्या. रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले तो दिवस होता ६ जानेवारी १९०७, म्हणजे आपला तीन राजांचा सण. ज्ञानी लोक एका बाळापुढे गुडघे टेकतात, त्याच दिवशी! त्यांनी एकदा काही महिन्यांचे एक तान्हे बाळ वर्गात आणले आणि मुलांना म्हणाल्या, बघा, हे किती शांत आहे. याच्याइतके शांत तुम्हाला राहता येईल का? मुले श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. पुढे हा मौनाचा खेळच झाला. मुले शांत बसत आणि पलीकडच्या खोलीतून त्या एकेकाला कुजबुजत नावाने हाक मारत. ज्याचे नाव येई ते मूल चोरपावलांनी त्यांच्याकडे जाई.

हे वाचले तेव्हा आम्हाला उत्तम मेंढपाळ आठवला. तोही आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखतात (योहान १०). शिलोच्या मंदिरातला बाळ शमुवेल आठवला. रात्रीच्या शांततेत त्यालाही नावाने हाक आली होती. देव ओरडला असता तर शमुवेल उठून पळाला असता की काय!

आता मार्कच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग पुन्हा पाहा. लोक मुलांना प्रभूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. शिष्य काही वाईट नव्हते. गुरूंचे बोलणे चालले आहे, शांतता राहावी, शिस्त राहावी, एवढेच त्यांना वाटले असेल. आमच्यासारखेच! पण प्रभूला त्या शिस्तीचा राग आला. त्याने मुलांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. म्हणजे शिस्तही दोन प्रकारची असते. एक मुलाला प्रभूपासून दूर थोपवते, दुसरी त्याचे बोट धरून जवळ आणते. अंगणवाडीत आम्ही दुसरी पाहिली. आमच्या वर्गात पहिली होती.

फादरांशी बोलून आम्ही सहा वर्षांखालच्या मुलांचा वर्ग वेगळा केला. बाके काढली, चटया घातल्या. दर रविवारी तोच क्रम : दारात चपला, तीर्थजलाला बोट लावून क्रुसाची खूण, एक मेणबत्ती, एक गाणे, पवित्र शास्त्रातली छोटी गोष्ट, मग हाताचे काम. आपल्या खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली. त्याच मातीची मुले मेंढरे करतात. आणि शेवटी मौनाचा खेळ. आमच्यापैकी एकजण दाराआड उभे राहून एकेकाला कुजबुजत हाक मारतो, मुलाच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतो.

सगळे लगेच जमले असे नाही. पहिल्या रविवारी मौन काही क्षणच टिकले. एक मुलगा आपले नाव येण्याआधीच धावत आला. आणि आम्ही स्वतः दोनदा विसरून "गप्प!" म्हणालोच. आमचीच सवय मोडायला मुलांपेक्षा जास्त दिवस लागले.

ती मुलगी तिसऱ्या रविवारी आली. चटईवर बसली नाही. आईचा पदर धरून दारातच उभी राहिली. आम्ही काही म्हटले नाही. खेळाच्या शेवटी तिचेही नाव हळूच घेतले. ती हलली नाही. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा घेतले. या वेळी तिने पदर सोडला, चालत आली आणि आशीर्वादासाठी मान खाली केली. आम्हाला तेव्हा काही बोलता आले नाही.

मिस्सामध्ये लहान मूल चुळबुळ करते म्हणून आपण मागे वळून डोळे वटारतो. ते मूलही आपल्यासारखेच उपासनेत शिकते आहे. कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे, घंटा वाजली की काय होते, हा क्रम त्याला प्रवचनाच्या कितीतरी आधी कळतो. घरीही तसेच. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दिवा, क्रुसाची खूण, पाच मिनिटांची प्रार्थना, आणि झोपताना मुलाचे नाव घेऊन कपाळावर हात. नाझरेथच्या घरात प्रभू येशू वर्षानुवर्षे अशाच रोजच्या क्रमात वाढला. या आठवड्यात एवढे करून पाहू या : आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका लेकराला आवाज न चढवता, नावाने हाक मारू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. तुझ्याकडे येणाऱ्या लेकरांच्या वाटेत आम्ही उभे राहिलो, त्याबद्दल क्षमा कर. आमचा आवाज मृदू कर, आमचे हात आशीर्वादाचे कर. अंगणवाडीच्या सेविका, मदतनीस आणि सर्व शिक्षकांना तुझे बळ दे. आमेन.