खुडण्याचे ऋतू

श्रावणात परसात शिरलं की हळदीच्या वाफ्याला पदर घासतो आणि तो कडसर, ओला वास अंगावर येतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुरलेल्या कंदांना आता हातभर पानं आलेली असतात. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीला ह्याच पानांवर पातोळ्या होतात. तांदळाच्या पिठाचा पातळ थर, वर गूळ-खोबरं, पान मिटायचं आणि वाफेवर ठेवायचं. पान कोणी खात नाही. ते सोलून काढलं तरी पातोळीवर त्याच्या शिरांचा ठसा उरतो, आणि वासही. तोडताना मात्र हात आखडता घ्यावा. जमिनीतला कंद पोसायचा तो ह्याच पानांनी. म्हणून मी एका झाडाचं एकच पान घेते, तेही बाहेरचं.

गवती चहाचं उलट. तो कापला की नवा होतो. बुंध्यावर चार बोटं सोडून विळा चालवला, की पावसाच्या दिवसांत पात बघता बघता पुन्हा वर येते.

ह्याच दिवसांत बाजारात कोथिंबिरीचे भाव चढतात. सरींच्या माऱ्याने तिची नाजूक रोपं लोळतात, मुळाशी पाणी साचून कुजतात. तेव्हा तिच्यावाचून चालवावं असं मला मनापासून वाटतं. बारा महिने एकाच जुडीवर अडून राहिलेल्या स्वयंपाकघरात श्रावण कळायचा कसा? पावसाळ्यात ओव्याच्या पानांची भजी आहेत, आलं-गवती चहा आहे.

कढीपत्ता थंडीत निजतो, पिवळी पानं गाळतो. चैत्रात त्याला तांबूस पालवी फुटली की शेंडे खुडायचे. एकेक पान ओरबाडलं तर नुसती काठी उरते. शेंडा खुडला तर बगलेतून नव्या फांद्या फुटतात. त्याच कोवळ्या पानांवर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात, आधी पाखराच्या विष्ठेगत काळ्या-पांढऱ्या, मग हिरव्यागार. झाड मोठं असेल तर त्यांचा वाटा त्यांना द्यावा.

कोथिंबिरीचा खरा काळ दसऱ्यानंतरचा. जमीन वापशावर आली की धने लाटण्याखाली हलके रगडायचे. प्रत्येक धन्यात दोन बिया जोडून असतात, त्या सुट्या होतात. मग दीडेक महिन्यात वाफा भरतो. उपटायचं नाही, बाहेरच्या काड्या खुडायच्या आणि मधला कोंब राखायचा. पौषातल्या सकाळी खुडलेल्या काड्यांचा वास दुपारपर्यंत बोटांवरून जात नाही.

माघ सरतो, ऊन चढतं आणि ती दांडा टाकते. पानं बारीक, चिरटी होतात, पांढरी फुलं येतात, मधमाश्या दिवसभर घोंगावतात. आता हिचा काही उपयोग नाही म्हणून बहुतेक घरांत ती ह्याच वेळी उपटली जाते, आणि मला ते फार लागतं. कारण तिची सर्वांत चांगली भेट अजून यायची असते. हिरवे धने! पानाचा ताजेपणा आणि वाळल्या धन्यांची ऊब, दोन्ही त्या एवढ्याशा गोळीत असतं. खलबत्त्यात दोन ठोके देऊन काकडीच्या कोशिंबिरीत किंवा उकळत्या आमटीत टाकावेत. बाजारात ते सहसा मिळत नाहीत, आणि झाडावरही थोडेच दिवस हिरवे राहतात.

तुमच्या कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली असेल, तर यंदा उपटू नका. तीन-चार आठवडे थांबा आणि हिरवे धने चाखून बघा.