परतीच्या हवेची जाळी



यंदा घरात डक्टचा एसी घ्यायचं ठरलं. थंड हवा कुठून यावी यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. वाद झाला तो हवा परत कुठून जावी यावर, आणि तो चांगला पंधरा दिवस चालला.

कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे नागपूरच्या पोरीला शिकवावं लागत नाही. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ओढतो, म्हणून आतल्या हवेला निघून जायला वाट लागते. एसीचं उलट. तो घरातलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. म्हणून खोल्याखोल्यांत देणारी तोंडं चार असली, तरी सगळ्यांची हवा परत घेणारी एक मोठी जाळी लागते. तिला रिटर्न म्हणतात. मागे फिल्टर असतो.

बसवणाऱ्याने दाखवलेली जागा होती स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण तिथे फॉल्स सिलिंग आधीच खाली उतरलेलं. त्याला ते सोपं. पण ही जाळी जिथे असेल तिथली हवा ती ओढणारच. हिंगाची फोडणी, तव्याचा धूर, तेलाची वाफ आधी फिल्टरवर, मग आतल्या नळ्यांवर बसणार आणि उरलेला वास झोपायच्या खोल्यांत. म्हणूनच जाणकार स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यातून परतीची हवा घेऊ नये म्हणतात. आपल्याकडे चौका लागतो, तेव्हा महाराजांच्या आहाराच्या वेळी पंखाही बंद असतो, एसीचा प्रश्नच नाही. (मे महिन्यात शुद्ध वस्त्रांत चौक्यात उभं राहिलेल्या बायकांना घामाचं वर्णन सांगायला नको.) तरी रोजची तेलकट हवा घरभर फिरवायची कशाला?

मग यांनी सुचवलं, आईंच्या खोलीबाहेर, बोळीच्या टोकाला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. एसीचा सगळा घाट त्यांच्यासाठीच. मागच्या नवतपात कूलरसमोर बसूनही त्यांना गरगरलं, सलाईन लावावं लागलं. पण त्या रोज सकाळ-संध्याकाळ दार लावून सामायिक करतात. जाळी लहान असली की हवा जोराने ओढली जाते आणि भुणभुण ऐकू येते. आमच्या एका नातेवाइकांकडे मी ती ऐकली आहे. सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटं ती कानाशी नको.

शिवाय दार लावलं तर त्यांच्या खोलीत गेलेली हवा बाहेर येणार कशी? वाट नसली की खोलीत हवा दाटते, नवी थंड हवा कमी शिरते, आणि जिच्यासाठी एवढा खर्च तीच खोली गरम राहते. बसवणारा म्हणाला दाराखाली दोन बोटं फट ठेवा. आई म्हणाल्या, "फटीतून मुंग्या येतील, दार सरकवताना चिरडतील." मग दारावरच्या भिंतीत आरपार जाळी टाकायचं ठरलं. एवढी साधी गोष्ट, पण ती आईंनी सुचवली, त्याने नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा होता : जाळी दिव्याजवळ नको. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती काय थवे जमतात ते तुम्ही पाहता. पंखाचे किडे, चिलटं. दिव्याशेजारी ओढणारं तोंड ठेवणं म्हणजे त्यांना बोलावून फिल्टरवर चिकटवणं. जाळी हवी ती हाताला लागेल अशा उंचीवर, म्हणजे आठवड्याला काढून आधी मऊ ब्रशने हलकेच झाडता येईल, जिवंत असेल ते उडून जाईल, मग धुवायचं. यत्नाचार म्हणतो तो हाच. शिडीवर चढून करायचं काम घरात कोणी नेमाने करत नाही.

काही सख्या म्हणतील, एसी घेतला म्हणजे कूलरच्या पाण्यातली हिंसा टळली. अर्धं खरं आहे. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायला आठवडाही पुरतो, डास चार इंद्रियांचा जीव, आणि मग औषध टाकून त्यांना मारण्याची वेळ येते. त्यापेक्षा आठवड्यात एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, वाळवून ठेवली तर डास होत नाहीत. औषध टाकावं लागत नाही. पण एसीची वीज कुठून येते? कोराडी आणि खापरखेड्याला कोळसा जळतो, आपल्याच जिल्ह्यात. तिथला अग्निकाय, वायुकाय आपल्या डोळ्यांसमोर नाही एवढंच. म्हणून आम्ही हॉलचा कूलर ठेवला आहे, एसी फक्त कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी.

शेवटी जाळी बोळीच्या मधोमध, दोन्ही झोपायच्या खोल्यांपासून सारख्या अंतरावर, स्वयंपाकघराकडे पाठ करून. आकार सांगितला त्याच्या दीडपट घेतला, म्हणजे हवा सावकाश जाईल आणि आवाज कमी होईल. देणारं तोंड तिच्यापासून लांब, नाहीतर थंड हवा खोलीत न फिरता सरळ जाळीत परत जाते. बोळीतला दिवा आम्ही दुसऱ्या भिंतीवर हलवला.

मंगळवारी मिस्त्री कापायला येतो. आईंनी पेन्सिलने जागा आखून ठेवली आहे, आणि मला म्हणाल्या, फिल्टर झाडायचा ब्रश वेगळा आण, झाडूच्या डब्यातला चालणार नाही.