बंब न पोचणारी आग

चंद्रपूर शहरात आग लागली की घंटा वाजवत बंब येतो. गडचिरोलीकडच्या जंगलाच्या एखाद्या कक्षात वणवा लागला की आम्ही वनखात्याचे लोक चालत जातो, आणि आमच्याजवळ पाणी असतं ते फक्त प्यायला. नाले आटलेले, गाडीवाट अर्ध्यातच संपलेली. अशा ठिकाणी बंब नेणार कुठून? पण खरं सांगायचं तर त्याचं फारसं अडतही नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरून सरकतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळतात, वाळून पापडासारखी होतात, आणि त्यांच्यावरच तो चालतो. पुढचा पाला काढून घेतला की त्याला पाऊल टाकायला जागा उरत नाही. आमची सगळी विद्या एवढीच.

ही विद्या जुनी आहे. १८६०च्या दशकात पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वणवा रोखण्याचा प्रयोग केला. आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर-गडचिरोली, तोही बोरीसारखाच इंग्रजांच्या मध्य प्रांतातला. जाळरेषांची शिस्त इकडेही आली. ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळवायचं आणि हंगामाआधी, वारा पडलेला पाहून, आपणच जाळून टाकायचं. वणव्याचा सरकारी हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. १५ फेब्रुवारीनंतर जाळरेषा जाळायला निघालेला माणूस विझवणारा नव्हे, लावणाराच ठरतो. माणसांची तजवीज कायद्यातच आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७९ सांगतं, ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. हक्क मोजून-मापून देणाऱ्यांनी ही सक्ती मात्र सढळ हाताने दिली!

हत्यारं म्हणाल तर पळसाच्या नाहीतर ऐनाच्या हिरव्या डहाळ्या, लोखंडी दाताळं आणि कुऱ्हाड. त्यात भर पडली ती ब्लोअरची. पाठीवर घ्यायचं पेट्रोलचं यंत्र, हातात जाड नळी. पाहुण्यांना वाटतं, फुंकर मारून आग विझवतात. तशी मारली तर भडकते. तिच्या बाजूने चालत नळीचं तोंड जमिनीलगत धरायचं आणि जळता पाला जळालेल्या भागात परत ढकलायचा. मागचा माणूस डहाळीने उरलेले निखारे झोडपतो. आगीच्या तोंडावर कधी जायचं नाही. पेट्रोल भरायचं तेही जळून गेलेल्या बाजूला, यंत्र निवल्यावर. बांबूची बेटं पेटली, पेरं फटाफट फुटायला लागली, की ब्लोअर आवरता घ्यावा आणि मागे सरून नवी रेषा काढावी. माझ्या मते या यंत्राचा खरा उपयोग वणव्याआधीच आहे. जाळरेषेवर पुन्हा पुन्हा पडणारा पाला ते झपाट्याने झाडून काढतं.

आता देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाईलवर इशारा येतो. चांगली सोय, पण तिच्या भरवशावर झोपू नये. व्हीआयआयआरएस संवेदकाचे उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसणार, आणि ठिपका ३७५ मीटरचा. त्यात नेमकी आग कुठे, हे पायांनीच शोधावं लागतं. शिवाय विझल्यासारखं दिसणारं एखादं पडकं खोड आतून दोन-दोन दिवस धुमसतं. म्हणून मुरलेला फायर वॉचर, म्हणजे हंगामापुरता घेतलेला राखणदार, धूर थांबल्यावरही घरी जात नाही. असा माणूस जूननंतर कामावरून कमी होतो, पुढच्या फेब्रुवारीत बहुधा नवा येतो. यंत्रांच्या खरेदीपेक्षा मला ही गोष्ट जास्त खटकते.

आग लागते ती बहुतेक माणसामुळेच. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने यावर वेगळाच मार्ग काढला. वनहक्क कायद्याखाली जंगल ताब्यात आल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पत्त्यासाठी आग लावावी लागते, फांद्या छाटाव्या लागतात, आणि पक्ष्यांना-पोरांना तेंदूची फळं मिळत नाहीत, हा त्यांचा हिशेब. हातचे पैसे सोडले आणि बांबूच्या विक्रीवर भर दिला. वणव्याच्या बंदोबस्ताबद्दल मला कुणी विचारलं तर ब्लोअरच्या आधी मी पाचगावचं नाव सांगतो.