कामाची रांग आणि अब्बांचा रेचा

“आपा, तुम्ही नक्की काय काम करता?” असं मोहल्ल्यात कुणी विचारलं की मला आजही उत्तर द्यायला वेळ लागतो. मी यवतमाळला घरी बसून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. पदाचं नाव प्रॉडक्ट ओनर. नावात ‘ओनर’ असलं तरी मालकी कशाचीच नाही. ग्राहकाला काय हवं ते समजून घ्यायचं, त्याची यादी करायची, आधी काय आणि नंतर काय ते ठरवायचं आणि प्रोग्रामर मुलामुलींना समजावून सांगायचं. या यादीला बॅकलॉग म्हणतात. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं, त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात.

सुरुवातीला माझ्याकडे एक टीम होती. मग दुसरी आली. एक सहकारी नोकरी सोडून गेली तेव्हा तिसरीही “थोडे दिवस सांभाळा” म्हणून आली. ते थोडे दिवस वर्षभर चालले. दिवस मीटिंगांमध्ये जायचा आणि यादीचं लिखाण इशानंतर सुरू व्हायचं. यादीत 400 कामं साचली होती. कुणालाच “नाही” म्हणायचं नाही, यालाच मी मेहनत समजत होते.

अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा ते “काही हरकत नाही, बेटा” म्हणाले. एका संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. अर्धा चहा कपाबाहेर पडला आणि त्यांना ते दिसलंच नाही. ते बोटांनी कप चाचपत होते. मी लॅपटॉप बंद केला आणि रडले.

अब्बांनी 30 वर्षं जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, “हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. ज्याला त्याला घाई. एकदा मुनीमजींनी घाईघाईत रेच्यावर जास्त कापूस टाकायला लावला. रेचा चोक झाला, दोन तास बंद. रांग कमी झाली का? उलट वाढली. मग फाटकावर सांगायला लागलो, आज इतक्याच गाड्या, बाकीच्यांनी उद्या या. लोक चिडायचे, पण रात्रभर ताटकळत तर बसायचे नाहीत.”

अब्बा सांगत होते तेच जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केलं आहे. रांगेत किती कामं आहेत, त्याला पूर्ण होण्याच्या वेगाने भागलं की सरासरी किती थांबावं लागेल ते कळतं. मी हिशेब मांडला. कामं 400, एका स्प्रिंटमध्ये तिन्ही टीम मिळून 20 संपवतात. म्हणजे 20 स्प्रिंट, 40 आठवडे! आणि मी प्रत्येकाला “लवकरच करू” असं सांगत होते. ते सरळसरळ खोटं होतं.

मग आमच्या कामाची मूळ पुस्तिका, केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची ‘स्क्रम गाइड’, पुन्हा वाचली. प्रॉडक्ट ओनर यादीचं काम दुसऱ्याला देऊ शकतो, जबाबदारी मात्र त्याचीच राहते, असं त्यात स्पष्ट आहे. अ‍ॅजाइल पद्धतीचा जाहीरनामा 2001 मध्ये 17 जणांनी मिळून लिहिला. न केलेलं काम जास्तीत जास्त ठेवणं ही कला आहे आणि वेग कायम झेपेल असाच हवा, हे त्याच्या तत्त्वांतच आहे. मी मात्र इतकी वर्षं फक्त स्प्रिंट आणि मीटिंगाच पाळत आले होते.

सहा महिन्यांहून जुन्या प्रत्येक कामाबद्दल मी मागणाऱ्याला विचारलं, “हे अजून हवंय का?” बहुतेकांना आठवतही नव्हतं. यादी 90 वर आली. बारकावे लिहिण्याचं काम टीममधल्या अनुभवी मुलांना दिलं. ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मग हिशेबाचा कागद साहेबांपुढे ठेवला आणि विचारलं, “तीनपैकी कोणती टीम माझ्याकडून काढायची?” आधी ते नाराज झाले. महिन्याने तिसऱ्या टीमसाठी माणूस मिळाला.

हे सगळं फुकट झालं नाही. एक ग्राहक रागावला, त्या वर्षी माझी बढतीही हुकली. पण घरून काम करणाऱ्या माझ्या बहिणींनो, मनात “नाही” आणि तोंडाने “हो” म्हणत राहिलो, तर त्याची किंमत घरातलं जे माणूस तक्रार करत नाही, तेच मोजतं.

अब्बांचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरल्यावर एके दिवशी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरची यादी वाचू लागले.

“बेटा, फाटकाबाहेर किती गाड्या आहेत?”

“ऐंशी, अब्बा.”

“आणि आज किती घेणार?”

“चार.”

“मग चल, आधी चहा घेऊ,” ते म्हणाले आणि किटली उचलायला स्वतःच गेले.