दीर्घपृष्ठ

अमरकोशात सापाला जी नावे आहेत, त्यांतली बरीचशी त्याच्या चालण्यावरून आलेली आहेत. उरग म्हणजे छातीवर चालणारा, जिह्मग म्हणजे वाकडा जाणारा, गूढपाद म्हणजे ज्याचे पाय लपलेले आहेत तो. त्यांच्याच पंक्तीत एक नाव आहे, दीर्घपृष्ठ. लांब पाठीचा. सापाकडे नुसते भीतीने पाहणाऱ्याला हे नाव सुचले नसते. आपल्या मराठीने मात्र ही पाठ जवळजवळ सोडूनच दिली. डूख धरणे, गरळ ओकणे, फणा काढणे, अस्तनीतला साप, शेपटीवर पाय. आणि साप मारताना काळजी काय ती काठीची. ‘कणा’ हा शब्द तर आपण माणसाच्या स्वाभिमानासाठी राखून ठेवला. ज्याचे सारे शरीरच कण्यावर उभे आहे (उभे म्हणणेही त्याच्या बाबतीत चुकीचेच), त्याच्या वाट्याला तो आला नाही.

आमचे लक्ष या पाठीकडे वळले ते एका आवाजामुळे. आमचा एक माजी विद्यार्थी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याने बॉल पायथन जातीचा आफ्रिकी अजगर पाळला आहे. आपल्याकडचा साप घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अशा परदेशी प्राण्याची मात्र २०२४च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि ती त्याने केली होती. “सर, याची पाठ वाजते,” तो म्हणाला. आम्हाला ती थट्टा वाटली. मग त्याने तो अजगर आमच्या हातांवर ठेवला. तो एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत असताना, मधल्या भागात एका ठिकाणी, बोटाला बारीकशी ‘टक्’ जाणवली. ती कानांपेक्षा तळहातालाच अधिक ऐकू आली.

माणसाच्या पाठीत जन्मतः तेहतीस मणके असतात. सापाच्या पाठीत जातीनुसार दोनशेपासून चारशेच्याही वर. मागच्या मणक्याचा खळगा आणि पुढच्या मणक्याचा गोल उंचवटा एकमेकांत बसतात. शिवाय प्रत्येक सांध्यावर जादा खुंट्या आणि खाचा असतात, सुतार लाकडात करतो तशा. या जोडणीमुळे साप दोन्ही बाजूंना हवा तसा वळतो, पण त्याची पाठ पिळली जात नाही. त्याची सारी डौलदार वळणे या बंधनातून येतात. छंद शिकवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आवाजाचा अर्थ लावणे इतके सोपे नाही. आपली बोटे मोडतात तसा एखादा सुटा आवाज, साप स्वतःच्या गतीने सरकत असताना, खाणेपिणे नीट असताना आला, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. आवाज श्वासाबरोबर येत असेल, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकटा दिसत असेल, तर दुखणे पाठीचे नसून छातीचे आहे. पण पाठीचा एखादा भाग ताठ राहत असेल, गाठ किंवा बाक लागत असेल, उलटा ठेवल्यावर साप पटकन सुलटा होत नसेल, तर क्ष-किरण तपासणी हवी. मणक्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो, जुनी इजा हाडाने सांधून एकसंध होऊ शकते.

आमच्या विद्यार्थ्याने मुंबईतल्या पशुवैद्याकडून छायाचित्र काढून आणले. तीन मणके एकमेकांना जुळून गेले होते. इजा जुनी, अजगर त्याच्याकडे येण्यापूर्वीची. पाहुण्यांच्या गळ्यात घालायचा नाही, उचलताना दोन ठिकाणी आधार द्यायचा, एवढेच पथ्य. तो ते कसोशीने पाळतो. त्याच्या आईला मात्र अजूनही साप घरात आहे हीच मोठी इजा वाटते.

हे कळल्यानंतर आम्हाला शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्याच्या गावांत पावसाळ्यात जे दिसते ते वेगळे दिसू लागले. भातलावणीच्या दिवसांत बिळांत पाणी शिरते आणि साप घरांकडे येतात. धामण तर उंदरांच्या मागे येतेच. पूर्वी तिला काठीने मारत. आता सर्पमित्राला फोन जातो, आणि हा बदल लहान नाही, हे आम्ही मनापासून मान्य करतो. पण त्यांतले काही जण तिला शेपटीला धरून उचलतात आणि मोबाइलसमोर लोंबती ठेवतात. दोन मीटरच्या अंगाचा सगळा भार तेव्हा शेपटीजवळच्या बारीक सांध्यांवर येतो; ती वर चढण्यासाठी स्वतःला पिळू पाहते, आणि तिची पाठ पिळण्यासाठी घडलेलीच नाही. शेपटी धरून झटका दिला की सापाचे मणके सुटतात, हे इकडच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. ते हे मारण्याची रीत म्हणून सांगत. तीच रीत आता वाचवताना वापरली जाते.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या आवारात अशी पकडलेली धामण माहुलीच्या पायथ्याशी सोडताना आम्ही हजर होतो. पुढचा अर्धा भाग गवतात शिरला. मागचा अर्धा त्याच्यामागून ओढला गेला, दोरीसारखा, एकही वळण न घेता. गटावर चित्रफीत आली ती शाळेच्या आवारातली. खाली शब्द होता ‘जीवदान’.

मांडुळाचे हाल याहून वाईट. त्याला दुतोंड्या ठरवून धनासाठी चोरून विकतात. गारुडी तर त्याच्या शेपटीवर जखमा करून तिथे दुसरे तोंड भासवत.

शहापूरकडची एक तरुण सर्पमित्र मात्र सापाला हात लावत नाही. पिशवीच्या तोंडाला रुंद नळी बांधते, भिंतीलगत ठेवते आणि मागून हलकेच आकडीने सुचवते. बिळ समजून धामण आपणहून नळीत शिरते. याला कधी वीस मिनिटे लागतात, कधी तासभर. बघायला जमलेले लोक तोवर कंटाळून घरी गेलेले असतात.