नळ आत, आग बाहेर

मैत्रिणींनो, गॅसचा गीझर घ्यायचं तुमच्याकडे चाललं असेल, तर एक विचारते : तो लावणार कुठे? किंमत, कंपनी, आयएसआयची खूण, सगळं आपण दुकानात पाहतो. जागेचं मात्र बसवणाऱ्यावर सोपवून मोकळ्या होतो.

आमचं घर लोट्याला. औद्योगिक वसाहतीचं गाव, त्यामुळे ह्यांच्या पाळ्या. कधी मध्यरात्री ऊन पाणी लागतं, कधी पहाटे. त्यातून पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून गॅसचा गीझर घेतला. बसवणारा आला तो थेट न्हाणीघरात शिरला. "सगळ्यांकडे आतच लावतात, वहिनी. पाइप कमी लागतो."

सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "अगो, याचं धुराडं कुठे आहे? बंबाला मधोमध धुराडं होतं, तरी आपण तो मागच्या अंगणातच पेटवायचो."

तो हसला. "आजी, याला धूर नसतो."

दिसत नाही, हे खरं. पण गॅस जळायला खोलीतलीच हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. ह्याला ना वास, ना रंग. रक्तात तो प्राणवायूच्या २०० पटींहूनही अधिक ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि बाई म्हणते ऊन पाण्यानं चक्कर आली! आपल्याकडे तर पावसाची झड येते म्हणून खिडकीही बंद, दाराला आतून कडी. माझी मुलगी न्हायला बसली की अर्धा तास बाहेर येत नाही. मी सांगितलं, गीझर मागच्या पडवीतच लागेल.

त्यात अडचण काहीच नव्हती. नळ उघडला की पाण्याच्या जोरानं गीझरमधला पडदा सरकतो, खटका दाबला जातो, दोन सेलांवर ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. नळ बंद केला की ज्योत विझते. मग आग भिंतीपलीकडे असली म्हणून काय बिघडलं? पाइपाचे पैसे जास्त गेले, आणि पहिला तांब्याभर पाणी गार येतं, एवढंच. वारा-पाऊस थेट लागणार नाही असा कोपरा मात्र निवडावा.

ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांना पडवी कुठली? तिथे जळका वायू बाहेर नेणारा पाइप आणि कायम उघडा झरोका हवाच. तरीही बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, मगच कडी लावावी. झरोकाच नसेल तर सरळ विजेचा गीझर घ्या, माझं स्पष्ट मत आहे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवून कारागिराला बोलवा.

टाकी बुटक्या छपरावर असेल तर पाण्याला जोर नसतो आणि गीझर पेटतच नाही, तेव्हा घेण्याआधी हे विचारून ठेवा. सेल विजेरीतले जाडे असतात. दमट हवेत ते पाझरतात. मृगाच्या आधी नवे घालावेत, आणि चार दिवस माहेरी निघालात तर काढून ठेवावेत.